पुढची गाडी गेली, म्हणून?

‘भाऊ, नमस्कार. आम्ही कराड तालुक्यातले. आमचे हे चौदा वर्षं ट्रकवर आहेत, दहा टायरी चालवतात. मालकाच्या पाच गाड्या आहेत. पावसाळ्यात आठवड्याला तीन फेऱ्या कुंभार्ली घाटातून चिपळूणला होतात. जाताना साखर नाहीतर पशुखाद्य, येताना बहुतेक वेळा गाडी रिकामी. गेल्या जुलैत येताना घाटाच्या अलीकडे रस्त्यावर पाणी होतं. पुढची गाडी गेली म्हणून यांनीही घातली. घरी येऊन हसत सांगत होते. तेव्हापासून पाऊस लागला की माझी झोप उडते. रात्रभर फोन करते, ते चिडतात. मालक म्हणतो, माल सकाळी पोचलाच पाहिजे. सुट्टीत आमचा मोठा मुलगा, सतरा वर्षांचा, क्लीनर म्हणून बरोबर जातो. पाणी किती आहे ते तोच उतरून बघतो म्हणे. यांना कसं समजावू? गाडी सोडा म्हणून सांगू का? आणि हे पत्र यांना दाखवलं तर चालेल का?’

वहिनी,

मुलाचं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी तिथूनच सुरू करतो.

क्लीनरला पाण्यात उतरवायचं, त्याने काठी टेकत पुढे चालायचं आणि ड्रायव्हरने हेडलाइटच्या उजेडात त्याच्या मागोमाग गाडी काढायची, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. मीही तेच केलंय. वीस-बावीस वर्षं झाली असतील. एका ओढ्यावरचा फरशी पूल, वरून गुडघ्याच्या खाली पाणी. माझा क्लीनर तुमच्या मुलाएवढाच. दहा पावलं गेला आणि अकराव्या पावलाला दिसेनासा झाला. फरशीची कड पाण्याने खालून पोखरून नेली होती, वरून काहीच कळत नव्हतं. कडेच्या दगडी खुंट्याला त्याचा हात लागला म्हणून वाचला. मी स्टेअरिंगवर बसून हे सगळं बघत होतो. त्याच्या आईला मी कधी सांगितलं नाही, त्यानेही नाही.

वेगाने वाहणारं पाणी घोट्याच्या जरा वर आलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलतं. त्यात चिखल असतो, तळ दिसत नाही. काठीने खोली कळते, पण तिथे रस्ता उरलाय का ते कळत नाही. तेव्हा मुलाचं एवढं एक आज रात्रीच ठरवून टाका. तो गाडीवर जाईल तर ताडपत्री बांधायला जाईल, हवा तपासायला जाईल, पाण्यात उतरणार नाही. पावसाळ्यात घाटाच्या फेरीला तर जाणारच नाही. यात यांचं म्हणणं विचारायची गरज नाही. बाकी सगळ्या गोष्टी समजुतीने घेऊ.

आता यांच्याबद्दल. ‘पुढची गाडी गेली’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की ते ट्रकच्या मागे रंगवायला हवं. पुढची गाडी भरलेली होती का? यांची तर रिकामी होती. रिकामी दहा टायरी आठ-नऊ टनांची असते, भरलेली तिच्या तिप्पट. वाहतं पाणी गाडीला आडवं ढकलतं आणि चाकं रस्त्याला धरून ठेवतात ती फक्त वजनाच्या जोरावर. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. पुढच्याला जे पाणी मऊ लागलं ते दहा मिनिटांनी यांना तसं लागेलच असं नाही, कारण वर डोंगरात काय कोसळतंय ते खाली कोणालाच दिसत नसतं. आणि पुढच्या पंचवीस टनांनी ती कड आणखी ढिली करून ठेवली असेल तर? रिकामा टँकर असेल तर विचारायलाच नको, तो बंद पिंपासारखा तरंगायला लागतो.

रात्रीचं आणखी एक. 2 ऑगस्ट 2016 ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला. दोन एसटी आणि आणखी वाहनं त्यात गेली. ते ड्रायव्हर बेफिकीर होते असं कोण म्हणेल? रोजचा रस्ता, रोजचा पूल. पावसात हेडलाइटच्या उजेडात पुढे पूल आहे की नाही, एवढंसुद्धा दिसत नाही. यांना हे मुद्दाम आठवून द्या. ते चौदा वर्षं चालवताहेत म्हणजे त्या रात्री ते स्वतःही कुठेतरी रस्त्यावर असतील, नाहीतर दुसऱ्या दिवशी धाब्यावर त्याचंच बोलणं झालं असेल.

‘गाडी सोडा’ म्हणू नका. चौदा वर्षांनी ड्रायव्हर गाडी सोडून काय करणार, आणि घर कशावर चालणार, हे तुम्हालाही माहीत आहे. असं म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. ‘जपून चालवा’ हेही सोडा. ते आम्ही रोज ऐकतो, ते गाडीत लटकवलेल्या लिंबू-मिरचीसारखं आहे. त्याऐवजी एकच विचारा: थांबायचं झालं तर कुठे थांबणार?

याचं कारण सांगतो. रात्री दोनला पाण्याच्या काठावर उभं राहिलं की सगळं माणसाला पुढेच ढकलतं. मागे चार गाड्या हॉर्न मारत असतात. मालकाचा फोन येऊन गेलेला असतो. वळवायला जागा नसते. घर साठ-सत्तर किलोमीटरवर आलेलं असतं. अशा वेळी शहाणा माणूसही गिअर टाकतो, मीही टाकलाय. म्हणून थांबायचं ते संध्याकाळी चारला, माल भरताना, डोकं थंड असताना ठरवायला हवं. कराडहून जाताना पाटण, मग हेळवाक. हेळवाकपर्यंत गाडी लावायला जागा मिळते, पुढे घाट. चिपळूणहून येताना पोफळी, कारण तिच्यापुढे चढ सुरू होतो. या तीन ठिकाणांपैकी प्रत्येक ठिकाणी ‘पुढे जायचं की नाही’ हे विचारायचं. मधे कुठे विचारायचं नाही, कारण मधे उत्तर नेहमी ‘जाऊ’ असंच येतं.

आणि ठरवायचं कशावरून? तुम्ही कराडच्या अंगणातून आभाळ बघता, त्याने फसता. कराडला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत आणि कोयनानगर-नवजाच्या बाजूला एका हंगामात पाच हजारांच्या घरात. तुमच्याकडे कपडे वाळत असतात तेव्हा घाटात समोरचा दहा फुटांवर दिसत नसतो. हवामान खातं साताऱ्याचा इशारा देताना घाटमाथ्याचा वेगळा देतं, तो बघा, आणि उतरायचं रत्नागिरी जिल्ह्यात आहे तर रत्नागिरीचाही. मुलगा मोबाइलवर पटकन काढून देईल, त्याला हे काम द्या, पाण्यात उतरण्यापेक्षा बरं. रेड म्हणजे 24 तासांत 204 मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पडला होता. माझ्या मते रेड असेल तर गाडी यार्डातून हलू नये. ऑरेंज असेल तर घाट दिवसाउजेडी पार व्हावा, अंधार पडायच्या आत पोफळीला किंवा हेळवाकला मुक्काम. यलोला मी जात होतो, खोटं कशाला बोलू.

फोनचंही याच्यातच आलं. वहिनी, रागावू नका, पण घाटात वाजणारा तुमचा फोन हाही एक धोकाच आहे. उचलला तर एक हात गेला, नाही उचलला तर तुम्ही पुन्हा करणार हे त्यांना माहीत असतं, म्हणून लक्ष जातं. ठरवून घ्या, फोन त्यांनी करायचा. पाटणला एक, हेळवाकला एक, चिपळुणात उतरल्यावर एक. दोन ओळींचा मेसेजही चालेल. घाटात रेंज जाते, म्हणून हेळवाकचा फोन आल्यापासून खाली पोचायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ धरा. त्याच्याही पुढे गेलं तर मग जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला 1077 वर विचारा, घाट चालू आहे का बंद आहे ते तिथे कळतं. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033, आणि जिवाचंच असेल तर 112. हे तीन नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

मालकाची गोष्ट अवघड आहे, कारण तोही खोटा नसतो. त्याच्या मागे पार्टी, म्हणजे माल पाठवायला देणारा असतो, पार्टीच्या मागे दुकानदार. पण ‘सकाळी पोचलाच पाहिजे’ म्हणणाऱ्याला दोन गोष्टी माहीत नसतात. मोटार वाहन कायद्याच्या 183 व्या कलमात असं आहे की, ठरावीक वेळेत पोचच असा हुकूम दिला आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय त्या वेळेत पोचणं शक्यच नसेल, तर तो हुकूमच मालकाविरुद्ध पुरावा धरता येतो. हे तुम्ही मालकाला ऐकवू नका, नोकरी जाईल. पण यांना सांगा की थांबलो हे फोनवर बोलायचं नाही, लिहायचं. ‘हेळवाकला थांबलोय, घाटात दरड आहे, सकाळी निघतो’, सोबत एक फोटो आणि लोकेशन. लिहिलेल्याला ‘नाही, निघच’ असं लिहून उत्तर द्यायला मालकाचाही हात अडखळतो. मी हे दोन-तीन मालकांवर अजमावलंय.

दुसरी गोष्ट ई-वे बिलाची, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची. ‘बिल संपेल, दंड बसेल’ ही भीती ड्रायव्हरला घालतात. साखरेचं बिल 200 किलोमीटरपर्यंत एक दिवसाचं असतं, आणि तो दिवस म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री बारापर्यंत. कराड-चिपळूण शंभराच्या आसपास. म्हणजे आज निघालेली गाडी एक रात्र हेळवाकला उभी राहिली तरी बिल जिवंत असतं. लांबच्या फेरीत संपत आलंच तर संपण्याच्या आधी आठ तास ते नंतर आठ तास यात ट्रान्सपोर्टवाल्याला ते ऑनलाइन वाढवता येतं, आणि नैसर्गिक आपत्ती हे कारण त्या यादीतच आहे. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी कोणी घाटात मरायचं कारण नाही.

एक मात्र मालकाशी मोकळेपणाने बोलायला हवं, ते म्हणजे मुक्कामाचे पैसे. बहुतेक ड्रायव्हर पाण्यामुळे पुढे जात नाहीत, भत्त्यामुळे जातात. फेरीवर पैसे मिळत असतील तर थांबलेली रात्र त्यांच्या खिशातून जाते. पाच गाड्यांचा मालक पार्टीकडून हॉल्टिंग मागू शकतो, भाडं ठरवतानाच ‘घाट बंद असेल तर एवढं’ असं लिहून घेऊ शकतो. पाचही ड्रायव्हर मिळून जूनच्या आधी बोलले तर होतं. एकटा बोलला तर तो भित्रा ठरतो. यांना म्हणावं, बाकीच्या चौघांच्या घरीही तुमच्यासारखंच कोणीतरी जागं असतं. हवं तर तुम्ही त्या चौघींशी आधी बोला. मला तर वाटतं ते लवकर होईल.

आता थोडं गाडीचं, हे यांनी वाचावं.

दादा, उतारावर गाडी न्यूट्रलला सोडणं बंद करा. तुम्ही करत नसाल तर उत्तम, पण चौदा वर्षांत उतारावर कधी केलंच नाही असं सांगू नका. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाच्या उतारावर काय होतं ते तुम्ही बघितलंय. नोव्हेंबर 2022 मध्ये एका गाडीने चाळीसच्या वर गाड्या चेपल्या. न्यूट्रलने डिझेल वाचतं हे जुन्या पंपाच्या इंजिनांपासून चालत आलेलं. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल तुटतं. न्यूट्रलला मात्र आयडलवर इंजिन पितच राहतं. म्हणजे वाचत तर नाहीच, वर इंजिनाची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि शेवटच्या वळणाला पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. एक्झॉस्ट ब्रेक भरलेल्या गाडीला वापरा, पण रिकामी गाडी आणि ओला रस्ता असेल तर जपून, मागची चाकं घसरतात.

ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं पाणी पावसाळ्यात रोज सकाळी काढायचं. क्लीनरवर सोडू नका, स्वतः बघा. टायरची नक्षी कायद्याने 1.6 मिलिमीटरच्या खाली चालत नाही, घाटात मी तर त्याच्या दुप्पट असेल तरच घातली असती. पाण्यातून गाडी गेली असेल, आणि मी म्हणतोय की जाऊ नये, तर पुढे शंभर-दोनशे मीटर ब्रेक हलका दाबत चला, ड्रम कोरडे होतात. इंजिनात पाणी गेलं आणि गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान विमावाले बऱ्याचदा नाकारतात.

काच धुरकटते तेव्हा तंबाखू चोळायची, बटाटा फिरवायचा हे सगळं मी केलंय. वाइपरची नवी रबरं त्याहून स्वस्त पडतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, तेव्हा मालक लोक ‘ड्रायव्हरचे लाड’ म्हणाले. लाड कसले, पावसात काच स्वच्छ राहते हा त्यातला खरा फायदा. तुमची गाडी जुनी असेल तर काच बोटभर खाली ठेवा आणि थोडं भिजा.

थांबायचं ते डोंगराच्या कापलेल्या बाजूला थांबू नका. आडोसा वाटतो, पण दरड तिथेच येते. वरून लहान दगड गळायला लागले, कडेच्या गटारातलं पाणी एकदम लाल-गढूळ झालं, झाड कललेलं दिसलं, की त्या ठिकाणी एक मिनिटही उभं राहायचं नाही. विजा चमकत असताना ताडपत्री आवळायला मालावर चढायचं नाही. ती यार्डातच नीट बांधा. केबिनमध्ये काचा लावून बसलेला माणूस विजेपासून सुरक्षित असतो, मालावर उभा असलेला नसतो. आणि रात्री केबिन बंद करून आत स्टोव्ह पेटवायचा नाही. थंडी-पावसात असे झोपलेले काही जण सकाळी उठले नाहीत.

थांबण्यात कमीपणा वाटतो, हे मला कळतं. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा कोल्हापूरच्या दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटर ट्रक उभे होते, दिवसेंदिवस. पंजाबचे, तमिळनाडूचे, सगळे. गावातल्या लोकांनी भाकरी आणून दिल्या. तेव्हा कुणालाच लाज वाटली नाही, कारण सगळेच थांबले होते आणि पोलिसांनी थांबवलं होतं. हेळवाकला एकट्याने, आपणहून थांबणं त्यापेक्षा जड जातं. मालकाचे बोल एकट्याला खायला लागतात. वहिनी, त्या रात्री तुमचा फोन उपयोगी पडेल. थांबलोय असा मेसेज आला की ‘बरं केलं’ एवढं लिहा, लगेच. घरून ‘बरं केलं’ आलं की मालकाच्या शिव्या अर्ध्या होतात. मला हे कुणी लिहीत नव्हतं, तेव्हा मेसेजही नव्हते.

पत्र दाखवू का विचारलंत. दाखवा, पण फेरीवरून आल्या आल्या नाही. आंघोळ, जेवण, झोप होऊ द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलालाही शेजारी बसवा. क्लीनरचा किस्सा त्याच्यासमोर मोठ्याने वाचला गेला पाहिजे. ते म्हणतील, या म्हाताऱ्याला आताची गाडी काय कळते. खरं आहे, बीएस-सहाचा डॅशबोर्ड मला अजून नीट वाचता येत नाही.

आणि त्यांना माझं एक काम सांगा. हेळवाकात आणि पोफळीत रात्री गाडी लावू देणारा, चहा-जेवण देणारा कुठला धाबा आता चालू आहे, ते विचारून मला कळवा. माझ्या वेळचे दोन्ही बंद झाले असं ऐकतोय, आणि तुमच्यासारखी आणखी तीन पत्रं माझ्या टेबलावर आहेत.